पहिलेपणाचा सोस

चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेविषयी २०१० नंतर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन एकाच विधानाभोवती फिरत राहते. शिकागोमध्ये ‘अ‍ॅसिड हाउस’ या नावाचे नृत्यसंगीत जन्मास आले, त्याच्या पाच वर्षे आधीच मुंबईतील एका वादकाने ते निर्माण करून ठेवले होते, असे ते विधान. ते आकर्षक आहे, आणि त्याची शंका यावी ती याच कारणाने. एखाद्या कृतीविषयी इतके सोपे आणि इतके गोड वाक्य हाती लागले की त्या कृतीकडे पुन्हा वळण्याची गरज उरत नाही. समीक्षेचे काम जेथून सुरू व्हायला हवे, तेथेच ते संपते.

वस्तुस्थिती फार गुंतागुंतीची नाही. १९८२ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली ही तबकडी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ‘एचएमव्ही’ या आपल्या शिक्क्याने काढली. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील मुरलेले वादक. गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर अशी वाद्ये ते वाजवीत. या तबकडीसाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली : ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर, ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ‘टीबी-३०३’ हे खालच्या सप्तकातील स्वरावली वाजवणारे लहानसे यंत्र. तिन्ही यंत्रे तेव्हा नुकतीच बाजारात आलेली होती. गायक नाही, तबला नाही, वाद्यवृंद नाही. एक माणूस आणि तीन यंत्रे मिळून झालेला हा ‘बँड’ आहे. तबकडी त्या काळी गाजली नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतील एका दुकानात मिळाली, आणि २०१० मध्ये त्यांच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने ती पुन्हा प्रकाशित केली. त्यानंतर सिंग यांनी युरोपात कार्यक्रम केले. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुनःप्रकाशनानंतर जे घडले ते तबकडीइतकेच वाचनीय आहे. ही ध्वनिमुद्रिका खरी असणे शक्य नाही, एखाद्या युरोपीय संगीतकाराने जुन्या मुंबईचा मुखवटा चढवून केलेली ती लबाडी असावी, अशी शंका काही श्रोत्यांनी उघडपणे घेतली. पुढे मुलाखती झाल्या, सिंग प्रत्यक्ष मंचावर दिसले आणि शंका मावळली. पण मावळली म्हणजे विसरण्यासारखी झाली असे नव्हे. जी कृती आधी ‘बनावट’ वाटली तीच नंतर ‘द्रष्टी’ ठरली, आणि हे दोन्ही निवाडे एकाच गृहीतकातून आलेले आहेत. मुंबईतील एका पगारी वादकाने आपल्या काळातील उपलब्ध यंत्रे घेऊन, आपल्या हातात असलेल्या विद्येच्या बळावर, विचारपूर्वक काही वेगळे केले असेल, ही साधी शक्यता त्या गृहीतकात बसत नाही. तो ठक तरी असला पाहिजे किंवा ऋषी तरी. कारागीर असण्याची मुभा त्याला नाही. एडवर्ड सईद यांच्या १९७८ सालच्या ग्रंथानंतर प्राच्यवादावर आपल्याकडे पुष्कळ चर्चासत्रे झाली. त्या चर्चेतील सिद्धान्ताला इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळाले असेल.

मात्र दोष केवळ युरोपीय संग्राहकांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि त्यांच्या मागून देशी भाषांतील पुरवण्यांनी हे विधान ज्या आनंदाने उचलले, त्या आनंदाची जात निराळी नाही. ‘ते आमचेच होते’ असे म्हणण्याची ही जुनी खोड आहे. विमानापासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्व काही आपल्याकडे आधीच होते असे मानणाऱ्यांना हसणारा सुशिक्षित वाचकही येथे मात्र तेच करताना दिसतो. फक्त पुष्पक विमानाच्या जागी सिंथेसायझर आलेला असतो.

आता ‘आधी’ या शब्दाकडे पाहावे. १९८२ हे १९८७ च्या आधी येते, यात वाद नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका आली, आणि तिच्यातून त्या संगीताला नाव मिळाले. परंतु इतिहासात पूर्वापरता आणि कारणपरंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतिहासलेखनाच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते. सिंग यांची तबकडी शिकागोत कोणी ऐकली असल्याचा कसलाही पुरावा नाही. सिंग यांनी शिकागोचे नाव घेतले नाही, आणि शिकागोतील तरुणांनी मुंबईचे. या दोन घटनांना जोडणारी वस्तू एकच आहे : टीबी-३०३.

हे यंत्र रोलँडसाठी तादाओ किकुमोतो या अभियंत्याने घडवले. एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला साथीसाठी बेस गिटार मिळावा, हा त्यामागचा हेतू. त्यात एका वेळी एकच स्वर वाजतो. सोळा पायऱ्यांची स्वरावली आधी भरून ठेवायची आणि मग ती फिरत राहते. एका स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे, विशिष्ट स्वरावर आघात देण्याची सोय आहे, आणि ध्वनीचा पोत बदलणाऱ्या खुंट्या आहेत. त्या वाजवताना फिरवल्या की आवाज चिरकल्यासारखा, ओलसर, कधी कण्हल्यासारखा होतो. बेस गिटारची नक्कल म्हणून हे यंत्र साफ फसले, १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, आणि म्हणूनच पुढे ते शिकागोतील खिसा रिकामा असलेल्या तरुणांना जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले. मुंबईत काय आणि शिकागोत काय, जो आवाज ऐकून समीक्षक ‘साम्य’ म्हणतात तो आवाज या खुंट्यांच्या मागे आधीपासून होता. दोन गवयांकडे एकाच कारागिराच्या तंबोऱ्या असल्या, तर त्यांच्या जवारीत साम्य आढळेलच. त्यावरून एकाने दुसऱ्याची गायकी आधीच गाऊन ठेवली होती असे कोणी म्हणत नाही. पहिलेपणाच्या या भांडणात किकुमोतो यांचे नाव सहसा येत नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. अभियंत्याला कर्ता मानायला सौंदर्यशास्त्र अजून तयार नाही.

शिवाय या विधानाची किंमत कोण मोजतो, हाही प्रश्न आहे. शिकागोचे हे संगीत कृष्णवर्णीय, बव्हंशी गरीब आणि पुष्कळदा समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांतून आले. एका संपूर्ण समूहाने वर्षानुवर्षे रात्री जागवून, पायांनी आणि घामाने घडवलेली शैली ही ‘खरे तर मुंबईत आधीच झाली होती’ असे म्हणणे म्हणजे एका वंचिताच्या हातातील भाकरी काढून दुसऱ्याच्या ताटात वाढल्यासारखे दाखवणे. आणि वाढपी तिसराच. शैली हा एका तबकडीचा गुण नसतो. तिच्यासाठी ऐकणारे लागतात, नाचणारे लागतात, पुन्हापुन्हा वाजवणारे आणि नक्कल करणारे लागतात. सिंग यांच्या तबकडीभोवती यांपैकी काहीही उभे राहिले नाही. ती एकटी राहिली, आणि तिचे खरे वैशिष्ट्य या एकटेपणात आहे. ‘अ‍ॅसिड हाउस’च्या रांगेत तिला पहिला क्रमांक देऊन हे एकटेपण पुसले जाते.

मग ती कृती आहे तरी काय? येथे समीक्षेला थांबून ऐकावे लागेल, आणि तेच टाळले गेले आहे.

तबकडीच्या नावापासून आरंभ करता येईल. ‘सिंथेसिस’ असे नाव दिलेले नाही. ‘सिंथेसायझिंग’ असे आहे. संश्लेष पूर्ण झाल्याचा दावा त्यात नाही, एक क्रिया चालू असल्याचे सूचन आहे. पुढे दहा राग, आणि तेही ‘डिस्को बीटवर’. म्हणजे राग हे अस्सल आणि ठेका हा उपरा, अशी वाटणी नावातच केलेली आहे. सिंग यांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितलेला हेतूही याच्याशी जुळतो : त्या दिवसांत चित्रपटांत डिस्कोची चलती होती, तेव्हा तबला बाजूला ठेवून त्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत. ‘कुर्बानी’ १९८० साली आला होता, नाझिया हसन यांची ‘डिस्को दीवाने’ १९८१ साली, आणि ‘डिस्को डान्सर’ १९८२ च्या अखेरीस आला. या गर्दीत उभा राहून एक धंदेवाईक वादक हा विचार करतो आहे. भविष्यवाणी करण्याचा त्याचा कसलाही मानस नाही.

रागांची यादी पाहिली तर आणखी एक भ्रम दूर होतो. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. पाश्चात्त्य लेखनात हे ‘हजारो वर्षांचे राग’ म्हणून येतात. यांतील मधुवंती हा तुलनेने अलीकडचा. कलावती दक्षिणेकडून येऊन हिंदुस्थानी पद्धतीत विसाव्या शतकात रुळलेला. बैरागीच्या प्रचाराचे श्रेय तर सर्वसामान्यपणे पंडित रविशंकर यांना दिले जाते. म्हणजे ज्याला पुरातन म्हणून मिरवले जाते त्यातील बराचसा भाग वादकाच्या स्वतःच्या शतकातला आहे. ही निवड मैफलींच्या आणि आकाशवाणीच्या श्रोत्याची निवड आहे. ग्रंथांत शोधून काढलेली नाही.

भैरवी पहिली आहे, ही गोष्ट मात्र कोणत्याही मराठी श्रोत्याला खटकावी. भैरवीने मैफल संपते. ती सुरू झाली की मागे बसलेले लोक चपला शोधू लागतात. सिंग यांनी नेमका तिच्यापासून आरंभ केला आहे. पहाटेच्या ललतीनंतर रात्रीच्या पहिल्या प्रहरातली भूपाळी येते आणि तिच्यामागून सकाळची तोडी. प्रहरांचे शास्त्र येथे मोडले आहे असे म्हणावे, तर दुसऱ्या बाजूवर मेघमल्हार सोडल्यास यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असा सायंकाळपासून पहाटेपर्यंतचा क्रम बिनचूक लागतो. हे हेतुपुरस्सर होते की योगायोगाने, याचा निर्णय तबकडी करू देत नाही, आणि तो करण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की एका बाजूला प्रहर विस्कटलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूला जुळलेले आहेत, आणि दोन्ही बाजूंना तालयंत्राचा ठोका मात्र तोच आहे. रागाला दिवसाची वेळ असते, यंत्राला नसते. ही ओढाताण या तबकडीचा खरा आशय आहे, आणि शिकागोशी केलेल्या कोणत्याही तुलनेतून ती ऐकू येणार नाही.

मर्ढेकरांनी ‘लय’ या संकल्पनेत संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर सोळा पायऱ्यांचे यंत्र नव्हते. तरीही त्यांची परिभाषा येथे बाहेरून आणलेल्या पुष्कळ परिभाषांपेक्षा अधिक उपयोगी पडते. ३०३ वर भरलेली स्वरावली आणि ८०८ चा ठेका यांत संवाद आहे; दोन्ही फिरतात, दोन्ही सोळाच्या हिशेबात बसतात. त्यांच्या वर ज्युपिटरवरची धून आहे. ती हाताने वाजवलेली आहे, तिला श्वास आहे, ती थांबते, घसरते, वळसा घेऊन परत येते. खालचे यंत्र आणि वरचा हात यांत विरोध आहे. समतोल साधतो का? भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी अशा पाच स्वरांच्या रागांत बहुधा साधतो. पाच स्वरांचा संच यंत्रात भरून फिरवत ठेवला तरी रागाचे अंग फारसे दुखावत नाही. ललत आणि तोडी यांत तो साधत नाही. ललतीतील दोन मध्यमांचे एकमेकांशेजारी वावरणे हे स्वरलगावाचे काम आहे, आणि तोडीचा गंधार समान अंतरांच्या पट्टीत बसत नाही, हे कोणताही शागीर्द सांगेल. तेथे रागाचे नाव उरते आणि रागाची सावली ऐकू येते. तबकडीतील हे उणे आहे. उणे म्हणून ते नोंदवले पाहिजे. ‘संकर’ हा शब्द वापरून त्याला गुण बनवण्याची चलाखी करू नये.

याच ठिकाणी एक समजूत खोडणे भाग आहे. ३०३ वरील घसरण म्हणजे मींडच, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते चूक आहे. ३०३ वर एका स्वरावरून पुढच्या स्वरावर जाण्याचा वेग यंत्राने ठरवलेला असतो. मींडेत तोच वेग हे गायकाचे म्हणणे असते. मींड वाटेतील श्रुतींना स्पर्श करीत जाते, कुठे रेंगाळते, कुठे कण घेऊन निसटते. यंत्राची घसरण ही दोन बिंदूंमधील रेषा आहे. सिंग यांना हा फरक कळत नसेल असे मानणे हा त्यांचा अपमान होईल. म्हणूनच रागाचे बोलणे त्यांनी वरच्या हाताकडे सोपवले आणि यंत्राला खाली चक्राकार फिरत ठेवले. या वाटणीत वादकाची समज दिसते. साम्य शोधणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण त्यांचे कान खालच्या सप्तकातच अडकलेले आहेत.

पट्टीचा हा वाद मराठी वाचकाला नवा नसावा. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ई. क्लेमेंट्स या न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियम घडवण्याची खटपट झाली. अब्दुल करीम खाँ त्या उद्योगात सामील होते. पेटीच्या समान अंतरांच्या पट्टीवर इतका रोष होता की १९४० साली आकाशवाणीने तिला हद्दपार केले, आणि ती बंदी १९७० च्या दशकाच्या आरंभी अंशतः सैल झाली. दरम्यान त्याच महाराष्ट्रात नाट्यसंगीत ऑर्गन आणि पेटी यांच्या आधारावर उभे होते आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत पेटीला एकल वाद्याची प्रतिष्ठा मिळवून देत होता. पुढे बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना चित्रपटसंगीतावर संक्रांत आली आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर ती टळली. शुद्धतेचा आग्रह आणि पेटीचा संसार हे दोन्ही आपल्याच घरात, एकाच माजघरात नांदत आले आहेत. सिंथेसायझर हा या भांडणातील पुढचा पक्षकार आहे. सिंग यांच्या तबकडीचा वंश शोधायचाच असेल, तर तो येथे लागतो. १९५४ सालच्या ‘नागिन’मध्ये कल्याणजींनी क्लेव्हियोलिनवर पुंगीचा भास निर्माण केला, तेथून केरसी लॉर्ड यांच्या सिंथेसायझरपर्यंत आणि तेथून सिंग यांच्यापर्यंत मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांची एक सलग परंपरा आहे. तिच्याविषयी बोलायचे तर वादकांची नावे माहीत असावी लागतात.

आणि नावांचा प्रश्न हा या सर्व प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे. १९९० च्या दशकात मराठी समीक्षेने रोलाँ बार्त यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ मोठ्या उत्साहाने साजरा केला. बार्त यांचा निबंध १९६७ चा, फूको यांचे लेखकाच्या कार्यावरील व्याख्यान १९६९ चे. युरोपात कर्त्याची प्रतिष्ठा दोनतीनशे वर्षे वाढत गेल्यावर तिच्याविरुद्ध झालेले ते बंड होते. मुंबईच्या वाद्यवृंदातील वादकाला कर्तेपण कधी मिळालेच नव्हते. जो जन्मलाच नाही त्याचे सुतक पाळण्याची ही घाई कशासाठी? सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या संयोजकांनी आणि वादकांनी, अनिल मोहिले, एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या महाराष्ट्रातील संयोजकांनी चित्रपटसंगीताचा ध्वनी घडवला. तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे असत. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली त्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. ते काम न्यूझीलंडमधील विद्यापीठातून इकडे आलेल्या अभ्यासकाने केले, मराठी विद्यापीठांच्या संगीत आणि साहित्य विभागांनी नव्हे. आणि ते विभाग त्याच शहरात, किंवा तीन तासांच्या अंतरावर होते.

‘सिंथेसायझिंग’ ही तबकडी या अनामिकतेला पडलेली एक लहानशी भेग आहे. येथे वेष्टनावर वादकाचे नाव आहे, आणि चित्रपटगीताच्या धुनेचा आधार नाही. परंतु ज्या यंत्रांनी वादकाला हे कर्तेपण दिले, त्याच यंत्रांनी पुढे त्याच्या सोबत्यांची रोजी घेतली. साठ-सत्तर जणांचा वाद्यवृंद एका खोलीत बसून वाजवतो ही पद्धत १९९० च्या दशकात मोडीत निघाली. तालवादकांच्या रांगेची जागा तालयंत्राने आणि व्हायोलिनवादकांच्या रांगेची जागा एका की-बोर्डने घेतली. ‘एका माणसाचा बँड’ ही कल्पना १९८२ साली कुतूहलाची होती. दहा-पंधरा वर्षांत ती हिशेबाची झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्याच वर्षी ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली, हे सांगून टाळ्या घेता येतील. टाळ्या घेण्याचे कारण नाही. संपाचा आणि तबकडीचा संबंध नाही. ध्वनिमुद्रणगृहातील श्रमाचा इतिहास हा वेगळा आणि स्वतःच्या पायांवर उभा असलेला विषय आहे, आणि त्यात सिंग यांचे स्थान दुहेरी आहे. त्यांना द्रष्टा म्हटल्याने हे दुहेरीपण झाकले जाते, कारण द्रष्ट्याला सहकारी नसतात.

अडोर्नो यांच्या १९४१ सालच्या लोकप्रिय संगीतावरील निबंधाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की अशा बाजारू वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहण्याची गरजच काय. हा आक्षेप आपल्याकडे दोन वेषांत येतो. एक वेष मार्क्सवादी आहे, दुसरा देशीवादी. पहिल्याला तबकडीत भांडवलशाहीचा साचा दिसतो, दुसऱ्याला परकी यंत्राने बाटवलेला राग. दोघांनाही तबकडी वाजवून पाहण्याची आवश्यकता वाटत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी मांडून जनसंगीत हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय मानला होता. ती मांडणी हाताशी असताना मराठी समीक्षक जनसंगीताविषयी बोलताना एकतर फ्रँकफुर्टला जातो किंवा गावाकडे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहावरून त्याची गाडी न थांबता पुढे जाते.

आणि गावाकडे तो जातो म्हणजे कोठे जातो? बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे घ्यावे. अशा गावांत सिंथेसायझर हा शब्द नव्हे, वस्तू पोहोचली, आणि ती ‘कॅसिओ’ या नावाने पोहोचली. लग्नाच्या वरातीत बँडच्या गाडीवर, जनरेटर आणि कर्ण्यांच्या मधोमध बसलेला वादक त्या कॅसिओवर सनईचा आवाज लावतो आणि एका हाताने धून वाजवीत दुसऱ्या हाताने स्वर वाकवतो. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या. ‘एचएमव्ही’ची मक्तेदारी मोडली. लोकगीते, भक्तिगीते आणि भीमगीते यांची कॅसेट बाजाराबाजारांत मिळू लागली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या उलथापालथीचे वर्णन केले आहे. महाराष्ट्राचे तेवढे तपशीलवार वर्णन अद्याप व्हायचे आहे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजांभोवती ढोलकी आणि हार्मोनियम यांच्या जोडीला हळूहळू की-बोर्ड कसा आला, कोणत्या ध्वनिमुद्रणगृहात आला, तो कोणी वाजवला, यांची नोंद कोठे आहे? ज्या समाजाने आपला इतिहास या कॅसेटींतून गायला आणि ऐकला, त्याच्या संगीतातील यंत्राचा इतिहास हा सिंग यांच्या तबकडीच्या इतिहासापेक्षा कितीतरी मोठा आहे. तेथे पहिला कोण हे सांगता येत नाही, म्हणून तिकडे संग्राहक वळत नाही. आणि संग्राहक वळत नाही, म्हणून समीक्षकही वळत नाही.

येथे बेंजामिन यांच्या १९३६ सालच्या निबंधाची एक विचित्र उलथापालथ झालेली दिसते. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिंग यांची तबकडी जन्मतःच यांत्रिक होती : यंत्रांनी वाजवलेली, यंत्राने छापलेली, कंपनीने विकायला काढलेली. तिला वलय आले ते दुर्मीळ झाल्यामुळे, आणि दुर्मीळ झाली ती न खपल्यामुळे. खपलेली कॅसेट मात्र झिजली, फीत गुंतली, पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा वाजवली गेली आणि शेवटी फेकून दिली गेली. लोकांनी जे वापरून संपवले त्याला किंमत नाही. जे पडून राहिले त्याला आहे. संग्राहकाचे हे मूल्यशास्त्र त्याच्या धंद्यापुरते ठीक आहे. ते समीक्षेने उसने घेण्याचे कारण नव्हते.

सिंग यांच्या तबकडीचे वाचन अजून व्हायचे आहे. ते करणाऱ्याला रागाचे ज्ञान लागेल, यंत्राचे ज्ञान लागेल, वादकांच्या पगाराच्या दरांचे आणि ध्वनिमुद्रणगृहांच्या वेळापत्रकांचेही ज्ञान लागेल. त्याला ललतीतील फसलेले आणि मालकंसातील साधलेले वेगळे करून दाखवावे लागेल. भैरवी आधी का, हा प्रश्न त्याने टाळता कामा नये. आणि ध्वनिमुद्रणगृहातील जे वादक वृद्ध झाले आहेत, त्यांच्या घरी जाऊन त्यांना विचारावे लागेल की १९८२ साली ‘रिदम मशीन’ पहिल्यांदा दालनात आले तेव्हा तालवादकांच्या रांगेतील माणसे एकमेकांशी काय बोलली.